पुसलेली यादी

"दाखव की, कसं पुसलंस ते," दवाखान्याचे व्यवस्थापक नाथाजी सर म्हणाले आणि सर्व्हरच्या थंड खोलीतून आणलेला की-बोर्ड त्यांनी टेबलावरून मंगलच्या पुढ्यात सरकवला. त्याची वायर काढलेली होती. ती टेबलाच्या कडेवरून उंदराच्या शेपटीसारखी लोंबत होती. मंगलनं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा त्या बटणांकडं, आणि कमरेला खोचलेलं फडकं ओढून काढलं. चाळिशीची, हाडापेरानं मोठी बाई, मूळची आटपाडीकडची; दवाखान्याचे दोन्ही मजले रोज दोनदा पुसणारी. पण आता तिचा हात असा चालला, जणू समोर तान्हं मूल आहे आणि त्याची टाळू पुसायची आहे. "आवं, आसंच," ती म्हणाली. "फडकं घट्ट पिळलं हुतं सर. वल्लं न्हवतंच." "असं नव्हे गं. त्या दिवशी पुसलंस तसं पूस. जोर लावून." मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, "फरशी पुसतीस तशी!" सगळे हसले. मंगलही हसली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या संयोगितानं तिचं ते हसू पाहिलं आणि मान खाली घालून पेनाचं टोपण काढलं, लावलं. मंगलनं जोर लावला. बटणं कटकट वाजली. सांगलीहून आलेला कॉम्प्युटरवाला सिद्धू पुढं वाकला आणि त्यानं पेनानं दाखवलं, "हां, बघा साहेब. हे डिलीट. हे एंटर. फडकं असं उजवीकडनं डावीकडं आलं की आधी हे दबतंय, मग हे. दोनच बटणं. खेळ खलास." नाथाजी सरांनी मान डोलावली आणि स्टीलच्या ताटलीतून भडंगाची मूठ उचलली. मीटिंग असली की भडंग येतोच. लसणाचं तेल त्यांच्या बोटांवर चकाकत होतं. त्याच बोटांनी त्यांनी की-बोर्ड आपल्याकडं ओढला, नवीन शोध लागल्यासारखी ती दोन बटणं दाबून पाहिली, आणि मग तेच बोट जिभेला लावून रजिस्टरचं पान उलटलं. "संयोगिता मॅडम, लिहून घ्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

अक्षर चांगलं होतं म्हणून ती सगळं लिहीत आली होती. साताऱ्यात मुख्य ऑफिस असलेल्या एका संस्थेच्या, इस्लामपूरच्या या दवाखान्यात ती तीन वर्षं कॉम्प्युटरवर बसत होती. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. वरच्या मजल्यावर दहा कॉम्प्युटर, आणि दहाही कॉम्प्युटरांवर एकच फोल्डर उघडायचा, सामाईक नावाचा. त्याला पासवर्ड एकच, आणि तो प्रत्येक पडद्याच्या खाली चिठ्ठीवर चिकटवलेला. कोण रजेवर गेलं तर काम अडायला नको. "आपल्यात कुलूपकिल्ली नाही," नाथाजी सर पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "घरासारखं आहे." घरासारखं होतं खरं. कुणीही कुणाचंही उघडायचं, कुणाच्याही पत्रात आपलं पत्र लिहून तसंच ठेवायचं, सत्यनारायणाचं आमंत्रण आणि ऑपरेशनची यादी एकाच ठिकाणी पडलेली. त्या उकिरड्यात संयोगिताचा एक फोल्डर होता. पुन्हा तपासणी. दवाखान्याची गाडी जत, आटपाडी, माण, खटाव अशी फिरते, नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे कान तपासते. कानात ज्वारीच्या दाण्याएवढ्या टोकाची नळी घालायची, यंत्र आवाज सोडतं आणि कानातून परत येणारा आवाज ऐकतं. बहुतेक बाळं पहिल्याच वेळी पार होतात. जी होत नाहीत त्यांना परत बोलवायचं, कारण खरंच ऐकू येत नसेल तर ते तीन महिन्यांच्या आत कळायला हवं, सहा महिन्यांच्या आत कानाला यंत्र लागायला हवं. उशीर झाला की बोलणं मागं पडतं, आणि मागं पडलेलं मग सगळं भरून येत नाही. अशी एकतीस बाळं त्या यादीत होती. आईचं नाव, गाव, कुठला कान, आणि फोन; आणि फोनच्या पुढं संयोगितानं आपल्या मनानं वाढवलेला एक रकाना. सासऱ्यांचा फोन, दुपारी लागतो. कानडी बोलतात, हळू बोलावे. नवरा मेंढरं घेऊन बाहेर असतो, शेजारच्या दुकानात निरोप ठेवावा. या आठवड्यात सगळ्यांना फोन करायचे होते. बुधवारी डॉक्टरांनी यादी मागितली आणि फोल्डर तिथं नव्हता. ज्या कागदी चिठ्ठ्यांवरून तिनं ती यादी उतरवली होती त्या खंडेनवमीच्या झाडलोटीत सरांनीच रद्दीवाल्याला दिल्या होत्या. सगळं कॉम्प्युटरवर आहे ना आता, मग कशाला धूळ.

खंडेनवमीला इथं यंत्रांची पूजा होते. रुग्णवाहिका, एक्स-रे, ऑपरेशनची हत्यारं उकळायचं भांडं, आणि दहाही कॉम्प्युटर. बंद यंत्राची पूजा करत नाहीत, असं सर म्हणतात, म्हणून पडदे सुरू ठेवतात, त्यांवर देवाचं चित्र लावतात, आणि पूजेआधी मंगलनं सगळं फडक्यानं पुसायचं. मग हळद, कुंकू, तांदूळ, झेंडूची माळ. त्या सणाला दहा दिवस होऊन गेले होते तरी बटणांच्या फटींत तांदळाचे दाणे होते आणि थंड खोलीतल्या मोठ्या यंत्रावरची माळ काळी पडून, चिकट होऊन, एसीच्या वाऱ्यावर सडत होती. कुणी काढली नव्हती. पूजेची माळ कुणी काढायची हे ठरलेलं नव्हतं. "खंडेनवमीलाच गेलंय ते," नाथाजी सर बुधवारी म्हणाले होते, आणि संयोगिताकडं वळून, "तुम्ही शेवटची कधी बघितली होती मॅडम, यादी?" आणि तिच्या तोंडातून निघून गेलं होतं, सणाआधी. दोन सेकंदही लागले नव्हते. सणाआधी. इतकं गुळगुळीत, इतकं तयार, जणू ते तिच्या जिभेखाली आधीपासून ठेवलेलं होतं. मग सिद्धूला फोन गेला होता, आणि तिनं टेबलापलीकडून त्याचा आवाज ऐकला होता, "नेटवर्कवरचं पुसलं की ते कचऱ्याच्या पेटीत पडत नसतंय साहेब. आपल्या मशिनवरचं पडतंय. हे गेलं की गेलंच. दर रविवारी सगळ्याची एक कॉपी साताऱ्याच्या डिस्कवर जाती, पण नवीन कॉपी जुन्यावरच बसती. नवमीला गेलं असंल तर रविवारच्या कॉपीत पण न्हाई. बघून उपयोग न्हाई." बघून उपयोग नाही. आणि संयोगिताला माहीत होतं की उपयोग आहे. यादी रविवारी होती. सोमवारी होती. मंगळवारी दुपारी एक वाजून काही मिनिटांपर्यंत होती. आणि उद्या पुन्हा रविवार होता.

बाळंतपणाच्या रजेवरून ती परत आली तेव्हा बाळ पाच महिन्यांचं झालं होतं. आष्ट्याला सासूबाईंजवळ ठेवून यायचं, सकाळी नऊची एसटी, संध्याकाळी सहाची. पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता तिचा ब्लाऊज भिजला आणि ती फाईल छातीशी धरून बाथरूमला गेली. तिथं फिनेलचा वास, नळाखाली कुणाच्यातरी तंबाखूची लाल पिचकारी, आणि ती भिंतीला टेकून हातानं दूध काढत होती आणि ते बेसिनमध्ये त्या लाल डागावरून वाहत होतं. तेव्हा तिला पहिल्यांदा ओकारी आली होती. दूध घरात कधी घाण वाटलं नव्हतं. घरी ते उशीवर असायचं, गाऊनवर, बाळाच्या मानेच्या वळीत, केसांत. आंबलेलं, पिवळं, आणि तिला त्याचा वास घेत पडून राहावंसं वाटायचं. बाळाच्या मानेत नाक खुपसलं की तिला आपण कुठल्यातरी गोठ्यात, उबदार, सुरक्षित जागी आहोत असं वाटायचं. इथं तेच दूध पिचकारीवरून वाहताना बघून तिला स्वतःच्या अंगाचीच शिसारी आली. आठवडाभरानं ती धीर करून सरांकडं गेली. दूध काढायला जागा हवी, असं म्हणायचं ठरवलं होतं, बसमध्ये तीनदा म्हणून पाहिलं होतं, पण सरांच्या समोर उभी राहिल्यावर तिनं म्हटलं, "थोडा वेळ बसायला." सरांना कळलं होतं. कळलं म्हणूनच त्यांनी तिच्याकडं न बघता टेबलावरच्या काचेकडं बघत म्हटलं, "थंड खोलीत बसा. कडी आहे आतनं. तुम्ही आमच्या लेकीसारख्या." आणि हे इतरांना सांगू नका, असंही म्हणाले. म्हणजे ती उपकारात अडकली. मोठं यंत्र, त्याची अखंड घरघर, एसीची थंडी, आणि एक जुना कॉम्प्युटर. दुपारी एक ते सव्वा. डाव्या हातानं पंप धरायचा आणि उजव्या हातानं यादीत नावं भरायची, कारण नुसतं बसून राहणं तिला चोरी वाटायचं. खरं म्हणजे ती पंधरा मिनिटं तिला आवडायला लागली होती. एका हातात आपलं बाळ, दुसऱ्या हातात दुसऱ्यांची, असं काहीतरी वेडगळ ती मनात म्हणायची.

मंगळवारी बाटली कलंडली. फार नाही, अर्धी वाटी असेल. बटणांवर सांडलं, फटींत गेलं, तांदळाचे दाणे त्यात तरंगले. बाहेर कुणीतरी कडी हलवली आणि ती घाबरून ओढणीनं पुसत सुटली, उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं, जोर लावून, फरशी पुसतात तशी. पडद्यावर यादीचा फोल्डर निवडून निळा झालेला होता. ती तो उघडणारच होती. पडद्यावर एक चौकट आली. काहीतरी विचारत होती, इंग्रजीत. आणि गेली. निळं गेलं. हे तिनं पाहिलं होतं. नंतरच्या चार दिवसांत तिनं स्वतःला कितीतरी प्रकारांनी सांगितलं की पाहिलं नव्हतं. चौकटी येतातच. रोज येतात. अपडेट करा, परवानगी द्या. पण तिनं पाहिलं होतं; आणि बाहेर कडी हलत होती, आणि ओढणी ओली, आणि गुंड्या उघड्या, आणि त्या क्षणी तिला एकतीस बाळांपैकी एकही आठवलं नव्हतं, फक्त हे की दार उघडलं तर दिसेल. तिनं कॉम्प्युटर बंद केला. ओढणी बाथरूममध्ये धुतली. संध्याकाळपर्यंत तिला आपल्या हातांचा वास येत राहिला. लहानपणी शाळेत पाटी थुंकीनं पुसायची मुलं. बाई ओरडायच्या, सरस्वती कोपते रे. पण ओलं फडकं कुणाकडं नसायचं, मग थू, आणि तळहातानं गोल गोल. पाटी क्षणभर काळी, लखलखीत, आणि मग वाळताना तिला तो वास सुटायचा, शिळ्या तोंडाचा. शेजारच्या मुलीनं एकदा तिची पाटी तशी पुसून दिली होती, प्रेमानं, आणि संयोगिता दिवसभर त्या पाटीवर काही लिहू शकली नव्हती. घरी येऊन तिनं ती राखेनं घासली होती. आईनं विचारलं होतं, काय झालं गं, आणि तिनं काही नाही म्हटलं होतं. काही नाही म्हणायला ती तेव्हाच शिकली असावी.

"खबरदारी क्रमांक एक," नाथाजी सर सांगत होते, आणि ती लिहीत होती. "सफाई कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटरला हात लावू नये. क्रमांक दोन, पूजेच्या दिवशी पूजा फक्त एकाच कॉम्प्युटरची, प्रातिनिधिक." सिद्धू मध्येच म्हणाला, "साहेब, त्यापेक्षा असं करू. प्रत्येकाला आपापलं नाव द्यायचं. बघायचा हक्क सगळ्यांना, पुसायचा एकाच माणसाला. आन सर्व्हरवर पुसलेलं महिनाभर एका बाजूला पडून राहील असं करता येतंय. अर्ध्या दिवसाचं काम हाय." "मग पुसणारा माणूस रजेवर गेला तर?" "तर पुसायचं न्हाई कुणी." "छे, छे. काम अडतं त्यानं." सरांनी ताटलीतले शेंगदाणे वेचून बाजूला केले, शेंगदाणे ते शेवटी खातात. "यंत्राचा दोष नाही हा. माणसाचा आहे. आता आपल्याला कुणाचं नाव घ्यायचं नाही, काय मंगल? पण साताऱ्याला कळवायला पाहिजे काहीतरी. मॅडम, लिहा. सदर यादी सफाई कर्मचाऱ्याच्या हातून अनवधानाने नष्ट झाली. सदर कर्मचाऱ्यास सोमवारपासून कामावरून कमी करण्यात येत आहे." मंगल अजून की-बोर्डासमोर उभी होती, फडकं हातात. तिला 'कमी' हा शब्द कळायला थोडा वेळ लागला. "सर, मी काय म्हंती," ती म्हणाली, "मला काडा. माझं काय न्हाई. पर त्या पोरांचं कसं करायचं? गावं सांगा मला. आमच्याकडली आसतील तर मी हिंडून काडती. लेकरू झाल्यालं घर काय लपतंय व्हय?" कुणीतरी पुन्हा हसलं. "एकतीस गावं हिंडणार होय गं?" "मग? तुमी हिंडनार हाय का?" हे तिनं इतक्या सरळ विचारलं की हसणाऱ्यानं भडंगाकडं हात नेला.

संयोगिताचं पेन अनवधानाने या शब्दावर थांबलं होतं. साडेबारा वाजून गेले होते. तिच्या छातीत ती ओळखीची कळ उठली, आतून बाहेर, सुया टोचाव्यात तशी, आणि तिला कळलं की आता दोन मिनिटांत भिजणार. आष्ट्यात बाळ जागं झालं असेल. तिनं कोपर छातीशी दाबून धरलं आणि त्या टेबलाकडं पाहिलं. तेलाचे डाग. चहाच्या कपांत बुडालेल्या माश्या. नाथाजी सरांची ओली बोटं. सिद्धूच्या पेनाचं चावलेलं टोपण. मंगलच्या फडक्याचा राखाडी पीळ. आणि या सगळ्यांत मधोमध तो की-बोर्ड, त्याच्या बटणांखाली वाळून पापुद्रा झालेलं तिचं दूध, ज्याचा वास कुणालाच येत नव्हता, तिला मात्र त्या लसणातूनही येत होता. तिला सगळ्यांची किळस आली. सरांची, हसणाऱ्यांची, त्यांच्या घरासारख्या घराची. आणि मंगलचीही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती दचकली. मंगल इतकी निर्मळ उभी होती म्हणून तिचीही. मग ती किळस फिरून फिरून शेवटी जिथनं निघाली होती तिथं आली. सणाआधी. आपण हे वाक्य पुरं लिहिलं, खाली सही घेतली, आणि एकच्या ठोक्याला थंड खोलीत जाऊन कडी लावली, तर कुणाला काही कळणार नाही. उद्या साताऱ्याची डिस्क स्वतःवर स्वतः बसेल. दिवाळीनंतर आपला करार वाढेल. आणि गावोगावच्या आशाताईंना विचारून विचारून ती बाळं जमवायची म्हटली तर थंडी संपेल. तोवर त्यातली काही कुशीवर वळायला लागतील, काही बसायला, आणि त्यांच्या आया म्हणतील, आमचं भारी शांत आहे हो, कशानं उठत नाही.

"सर," ती म्हणाली, "यादी मंगळवारी गेली."

"कुठला मंगळवार?"

"या आठवड्यातला. मंगलमावशींच्या हातनं नाही. माझ्या हातनं गेली. थंड खोलीतनं."

नाथाजी सरांनी तिच्याकडं मान वळवली. "तुम्ही तर सणाआधी म्हणाला होता."

"खोटं म्हणाले होते. त्या की-बोर्डावर दूध सांडलं. मी पुसायला गेले."

"दूध? तिथं कशाला दूध? चहाचं?"

"नाही," ती म्हणाली, "माझं."

नाथाजी सरांचा हात, जो इतका वेळ की-बोर्डाच्या कडेवर ठेवलेला होता, हळूच मागं गेला. त्यांनी तळहात पाहिला. मग ताटलीकडं पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट पुसायला लागले, करंगळीपासून, फार सावकाश, आणि त्यांचं तोंड असं झालं जणू शेंगदाण्यात खवट निघाला. जिभेला लावलेलं बोट त्यांनी दोनदा पुसलं. संयोगिताला हसू फुटणार होतं. ते आलं असतं तर थांबलं नसतं. हीच ती तोंडं, जी संध्याकाळी घरी जाऊन पेलाभर दूध पितात. "असलं काही," सर म्हणाले, "अशा ठिकाणी... पूजेच्या खोलीत..." आणि वाक्य सोडून दिलं. फक्त सिद्धू उठून उभा राहिला. त्याला दूध ऐकूच आलं नव्हतं बहुतेक. "मंगळवारी? नक्की मंगळवारी? मग रविवारच्या कॉपीत हाय की मॅडम! आवं, आधी सांगायचं न्हाई का!" तो बोलत बोलतच फोन लावत होता. "साताऱ्यात कोण हाय आत्ता? डिस्कची वायर काढा म्हणावं. उद्याची कॉपी होऊ द्यायची न्हाई. हां. हात लावू नका कशाला, नुसती वायर काढा."

तीन वाजता यादी आली. सिद्धूनं ती उघडून दाखवली, एकतीस ओळी, रकान्यांसकट. फक्त सोमवारी तिनं केलेल्या दोन दुरुस्त्या नव्हत्या. तोवर बाकीचंही ठरून गेलं होतं. थंड खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली सरांकडं. सिद्धूची अर्धी गोष्ट सरांनी मान्य केली होती: पुसायचा हक्क आता कुणाला कुणाला द्यायचा याची यादी त्यांनी स्वतः केली, त्यात नऊ नावं होती. संयोगिता मॅडमना फक्त बघायचा. करारबिरार दिवाळीनंतर बघू. हे त्यांनी तिला सांगितलं नाही. सिद्धूला सांगितलं, ती समोर असताना. तिनं ओढणी पुढं घेतली होती, पण डाग ओढणीतूनही दिसत होता, आणि आता तिला तो झाकावासा वाटत नव्हता. जिन्यात मंगल पायऱ्या पुसत होती. संयोगिता तिच्यापाशी थांबली. काहीतरी म्हणायला हवं होतं. मंगलनं वर पाहिलं नाही. "तीन दिस," ती म्हणाली, "तीन दिस मला वाटत हुतं, माझ्या फडक्यानं एकतीस पोरांचं कान गेलं. जेवान जात न्हवतं. तुमी रोज म्हाग-म्होरं जात हुता माझ्या." "चुकलं मावशी." "व्हय, चुकलंच," मंगल म्हणाली. तिनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि पुढची पायरी पुसायला घेतली. "सरा. पाय पडतुया तुमचा वल्ल्यात."

खालच्या मजल्यावर औषधांच्या खोलीत एक फोन असतो. तिथं स्टुलावर बसून तिनं लावायला सुरुवात केली. डाव्या हातानं छाती दाबून धरलेली. सहाच्या एसटीपर्यंत तसंच. पहिल्यानं उचलला नाही. दुसऱ्यानं उचलला, येत्या बुधवारी तपासणीला घेऊन येतो म्हणाला. एक फोन बंद. एक आजोबा कानडीत बोलत राहिले आणि तिनं हळू, एकेक शब्द सोडत, बुधवार, इस्लामपूर, बाळ, असं तीनदा सांगितलं, आणि ते हां हां म्हणाले. तिला बरं वाटायला लागलं होतं. इतकं सोपं होतं हे. अठरावी ओळ जतकडची होती. सोनम. मुलगा, दोन्ही कान. सासऱ्यांचा फोन, दुपारी लागतो. सासऱ्यांनी उचलला, दवाखाना म्हटल्यावर हाक मारून सुनेला दिला. मागं शेळ्यांचा आवाज, कुणीतरी भांडी घासत होतं.

"आवं बाई, तुमी कशाला फोन केला? आमी काल नारळ फोडून आलो बिरोबाला."

"कशाचा नारळ?"

"लेकराचा. तुमच्या त्या नर्सबाई म्हणल्या हुत्या, तसं काय आसंल तर गुरवारपातूर फोन येईल. मी चार दिस फोन हातातनं सोडला न्हाई. रानात गेली तरी सोबत. गुरवार गेला. मामंजी म्हणलं, फोन न्हाई म्हंजी प्वार चांगलं हाय. सगळ्या वस्तीवर पेढं वाटलं आमी." ती हसली. तरुण हसू, विशीतलं. "लय गुणी हाय बघा. एवढी कुत्री भुंकत्यात, उठत न्हाई."

संयोगितानं समोरच्या कपाटाकडं पाहिलं. गुरुवारी ती कुठं होती ते तिला आठवत होतं. टेबलाशी बसून चहा पीत होती. "सोनमताई," ती म्हणाली, "फोन यायचा होता. माझ्यामुळं आला नाही. त्याच्या कानांचं अजून बघायचं राहिलंय. दोन्ही. बुधवारी घेऊन या, काही झालं तरी या."

पलीकडं भांडी थांबली. सोनम फोन खाली ठेवून गेली असावी, कारण तिचा आवाज लांबून आला, लाडात, जशी कुणी रोज मारतं तशी हाक. "ए राजा. ए सोन्या, हिकडं बघ की." मग थोडा वेळ नुसत्या शेळ्या. मग एक टाळी वाजली. मग आणखी एक, जवळून, मोठी. मग तिसरी.